खाणीतलं मीठ

११ जानेवारी

अख्ख्या वर्गाने एकदम पान उलटल्याचा आवाज. आज सकाळी दाढी करताना तो कानात आला आणि साबण गालावरच वाळला. कवितेच्या तासाला बाई म्हणायच्या, "पान उलटा," आणि सगळी पुस्तकं एका दमात सळसळायची, झाडावरून थवा उठावा तशी. मग कविता सुरू होण्याआधी क्षणभर काहीच नसायचं. मला कवितेपेक्षाही तो क्षण आवडायचा. आता येणार, आता येणार. जन्मभर मी दुसरं काय केलं?

हिला सांगितलं. ती म्हणाली, "आवाज येतायत तर कान दाखवून घ्या. आणि आधी तोंड धुवा."

दैनंदिनी पुन्हा काढली ती मात्र या आवाजासाठी नाही. खाणीत काहीतरी येऊ लागलंय.

पुढे कधीतरी मीच हे वाचेन आणि सगळं विसरलेलो असेन, म्हणून बैजवार लिहितो. विश्वात जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट न दिसणारं काही आहे. त्याच्या वजनामुळेच दीर्घिका विखरून जात नाहीत. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. नाव भारदस्त, पण त्याचा एक कणही आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही. बंद पडलेल्या एका खाणीच्या तळाशी आमचं टाकं आहे, त्यात अतिथंड द्रवरूप झेनॉन. असा एखादा कण त्यात धडकलाच, तर काजवाही लाजेल इतकी बारीक लुकलुक होणार आणि वर पडद्यावर एक ठिपका उमटणार. डोंगर डोक्यावर घेतलाय तो एवढ्याचसाठी, की बाकीचा कचरा वरच अडावा.

मी कागदावरचा माणूस. टाकं बांधणं आपल्या हातचं नाही, मला घरातला नळ बदलता येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की हे कण पृथ्वीच्या पोटातून येताना अडखळतात, म्हणून दिवसभरात त्यांची संख्या चढते-उतरते. आणि ही चढउतार सूर्याच्या दिवसाने चालत नाही, ताऱ्यांच्या दिवसाने चालते. तो आपल्या दिवसाहून चारेक मिनिटांनी आखूड. निम्मं आयुष्य मी हे सांगत आलोय. लोक "वा, सुंदर" म्हणतात आणि चहाला उठतात.

टाक्याची प्रमुख चिमणी. माझीच विद्यार्थिनी. पहिल्या तासाला तिने इतक्या बारीक आवाजात शंका विचारली, की मी म्हटलं, "चिमणे, जरा मोठ्याने." नाव चिकटलं. आता तिच्या हाताखाली पन्नास माणसं आहेत, माझ्या तोंडी मात्र तेच. मागच्या उन्हाळ्यात तिने माझं ताजं समीकरण मागून नेलं. म्हणाली, "सर, एका चाचणीला हवंय." मी कारणही विचारलं नाही. शिष्याने मागावं आणि आपण ओंजळभर द्यावं, यासारखं सुख नाही.

१५ जानेवारी

ठिपके वाढतायत. आज ते ताऱ्यांच्या घड्याळावर मांडून पाहिले, आणि पुसून पुन्हा पहिल्यापासून मांडले.

शाळेत ओळीवर लघु-गुरूच्या खुणा करून वृत्त ओळखायचं असे, त्यात पहिला हात माझा. पडद्यावर तेच झालं. जवळजवळचे ठिपके लघु, अंतर ठेवून बसलेले गुरू, मध्ये श्वास घ्यायची जागा, यती. ओळ बसली! चढ जिथे मी म्हटला होता तिथेच, उतार जिथे म्हटला होता तिथेच. जणू कोणी माझी कविता मलाच म्हणून दाखवत होतं.

थर्मामीटर खोलीत डोकावला. हा माझा जुना मित्र, प्रयोगवाला. मोजल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही, म्हणून त्याचं हे नाव. तो मला कविराज म्हणतो, त्यात कौतुक कमी असतं.

"कविराज, चेहरा असा का? लॉटरी लागली?"

मी पडदा दाखवला. त्याने चष्मा वर-खाली केला.

"छान आहे. मीठ विसरलास का?"

मीठ म्हणजे आमच्या कामातला एक रिवाज. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं, यावरचा उतारा. एकच माणूस गुपचूप खोटे ठिपके खऱ्यांत मिसळतो. किती, कुठले, ते त्या एकट्यालाच ठाऊक. त्याने ते शब्दाने, खुणेने, डोळ्यानेही सांगायचं नाही. बाकीच्यांनी सगळे ठिपके खरे समजून काम करायचं. शेवटी ठरल्या दिवशी मीठ काढायचं. उरेल ते खरं. यंदा मीठ चिमणीकडे आहे.

मी म्हटलं, "मीठ जिभेला कळतं रे."

"जिभेला कळतं. लाळ सुटली की कळत नाही."

घरी येऊन हिला सांगितलं. डॉक्टरांनी माझं मीठ तोडलंय, त्यामुळे ती म्हणाली, "म्हणजे घरात बंद केलं ते तुम्ही कामावर खाताय."

२१ जानेवारी

बैठक झाली. मी म्हटलं, आता जाहीर करू या, निदान एक छोटा लेख तरी पाठवू. दुसऱ्या एका खाणीत असंच टाकं लावून बसलेली मंडळी वाट बघत बसणार नाहीत.

चिमणी म्हणाली, "मीठ निघाल्यावर बोलू, सर."

"त्याला अजून पंधरा दिवस आहेत."

"पंधराच दिवस आहेत."

"तोवर ते लोक छापून मोकळे होतील."

"होऊ देत."

होऊ देत! माझं तर डोकंच सणकलं. माझं वय बघा, माझ्याकडे किती 'पंधरा दिवस' आहेत ते बघा. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चिमणी, तू भित्री आहेस. पहिल्या दिवसापासून भित्री आहेस. भित्र्या माणसाने विज्ञानात येऊ नये, बँकेत खिडकीवर बसून शिक्के मारावेत." शिक्क्याचा आवाजही काढून दाखवला. एक-दोघं हसले.

तिने पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं ती मला कळली नाही. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर माणसं बघतात तसं.

शब्द जरा जोरात गेला असेल. पण चिमणीला मी अक्षरशः बोटाला धरून शिकवलंय, तेवढा हक्क माझा आहे. जाताना ती दारात थांबली.

"सर, घरी कोणाला सांगितलंत का हे?"

"हिला सोडून कोणाला नाही."

"नका सांगू. माझ्यासाठी म्हणून नका सांगू."

मत्सर माणसाला किती नम्र करतो! गुरूचं नाव पुढे येणार म्हटल्यावर शिष्यालाही थोडं लागतंच. मी ते मनावर घेतलेलं नाही. घरी हिला बँकेच्या खिडकीची गंमत सांगितली. तिला विनोद समजायला वेळ लागतो, म्हणून पुन्हा सांगितली.

२४ जानेवारी

आज भाची आणि भाचेजावई जेवायला. हा भाचेजावई वर्तमानपत्रात आहे, बोलका, गोड माणूस. "मामा, सध्या काय चाललंय?" एवढंच त्याने विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही, म्हातारा माणूस, वाट बघतोय." मग म्हटलं, "तशी वाट संपत आलीय." मग म्हटलं, "हे आपल्यातच ठेव हं." यापुढे माणूस थांबत नसतो. खाण, टाकं, ठिपके, ताऱ्यांचं घड्याळ, सगळं सांगून मोकळा झालो. हिने टेबलाखालून पाय मारला. मला वाटलं चुकून लागला. मी पाय आवरून घेतले आणि बोलत राहिलो.

भाचेजावयाने घास हातात धरून विचारलं, "मामा, हे छापायचं नाही ना?"

आणि मी, देवा, मी काय म्हणालो? "छापायचं नाही रे. पण खोटंही नाही."

ते गेल्यावर ही ताटं उचलत म्हणाली, "तुम्ही 'छापू नको' म्हणालात की 'छाप' म्हणालात, ते त्याला कळलं असेल. मला कळलं."

मी टेबल पुसायला घेतलं, एरवी कधी पुसत नाही. 

२७ जानेवारी

पहिलं पान. 'अंधाराची पहिली चाहूल! ज्येष्ठ शास्त्रज्ञाचं भाकीत खरं ठरण्याच्या मार्गावर.' खाली लिहिलंय, प्रयोगाशी संबंधित सूत्रांकडून कळतं की. मी सूत्र! जन्मभर सूत्रं मांडली, अखेर स्वतःच एक झालो.

फोन थांबत नाही. शाळेतला बाकावरचा सोबती बोलला, एवढ्या वर्षांनी. तो म्हणाला, "तू वर्गात खिडकीबाहेर बघत बसायचास, मला वाटायचं वाया जाणार." दोघंही रडलो. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, हे खोटं कशाला लिहू.

दुपारी चिमणीचा फोन आला.

"सर, हे सूत्र कोण असेल?"

"आता पन्नास तोंडं आहेत बाई तुझ्याकडे."

ती हळूच म्हणाली, "हो. पन्नास तोंडं आहेत," आणि ठेवला.

मी खोटं बोललो नाही. पन्नास आहेतच. माझं एक्कावन्नावं.

५ फेब्रुवारी

आज मीठ निघालं.

लिहायला नको वाटतंय, पण नाही लिहिलं तर उद्या मी त्याची काहीतरी कविता करीन, म्हणून आत्ताच आणि सरळ लिहितो.

सगळे जमले होते, लांबचे पडद्यावर. मी नवीन सदरा घातला होता. पुढच्या रांगेत बसलो. चिमणीने विचारलं, "काढू?" पद्धत म्हणून विचारतात. सगळे हो म्हणाले, माझा आवाज सगळ्यांत मोठा. तिने कळ दाबली. खोट्या ठिपक्यांभोवती लाल गोल उमटायला लागले, एकेक. पहिला गोल माझ्या चढावरच्या ठिपक्याला. ठीक आहे म्हटलं, एखादं असणारच. दुसरा. मग उतारावरचे. मग मी ज्याला यती म्हटलं होतं त्याच्या अल्याडचा आणि पल्याडचा. लाल, लाल, लाल. शेवटी साधे ठिपके उरले ते तीन-चार, कुठेही पडलेले, नेहमीचा केरकचरा. माझ्या ओळीतला एकही शिल्लक नव्हता.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. थर्मामीटर स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

चिमणीने पुढचं पान वाचलं, तिला वाचावंच लागतं. मीठ कशावरून पाडलं ते सांगायचं असतं. ती म्हणाली, "यंदाचं मीठ सरांच्या समीकरणावरून तयार केलं होतं. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडून घेतलं. अंतरं यंत्राने चिठ्ठ्या टाकून ठरवली."

माझं समीकरण. मीच दिलेलं, ओंजळभर. म्हणजे ठिपके माझ्या भाकिताशी जुळले यात नवल ते काय? आरशासमोर उभं राहून "हे देखणे गृहस्थ कोण" असं विचारणाऱ्या माणसाची गोष्ट आम्ही लहानपणी सांगायचो आणि पोट धरून हसायचो. आणि वृत्त! यंत्राने आंधळेपणी टाकलेल्या चिठ्ठ्यांना मी लघु-गुरू लावत बसलो होतो.

टाळ्या झाल्या, म्हणजे पद्धत म्हणून होतात. मीही वाजवल्या.

६ फेब्रुवारी

उठलो नाही. हिने खिडकी उघडली, मी बंद करायला सांगितली. तिने उघडीच ठेवली.

७ फेब्रुवारी

बाकावरचा सोबती पुन्हा फोन करत होता. हिने घेतला. "झोपलेत," म्हणाली. मी तिच्यासमोर बसलो होतो.

तीस-चाळीस वर्षं माणूस एका खोट्या गोष्टीवर जगू शकतो का? गोष्ट खोटी ठरली असंही नाही, ठिपके आलेच नाहीत एवढंच. कदाचित येतील. कदाचित मी नसताना येतील. याची मला लाज वाटत नाही, आश्चर्य आहे. लाज दुसऱ्याच कशाची तरी वाटतेय, आणि तिच्याकडे बघायला जावं तर ती पाठीमागे जाऊन उभी राहते.

१० फेब्रुवारी

बातमी फुटली म्हणून वरच्या मंडळाने चौकशी लावली. पैसे देणारे चिडलेत, जगभर हसं झालं. थर्मामीटरने सांगायला फोन केला.

"चिमणीला बोलावलं होतं. तिने सांगितलं, बातमी माझ्या गटातून गेली, मी प्रमुख, जबाबदारी माझी. नाव विचारलं तर म्हणाली, मला माहीत नाही."

"मग?"

"मग काय! तिला काढायचं घाटतंय. पुढच्या आठवड्यात ठरेल."

मी म्हटलं, "अरे रे."

फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. हे लिहिणं भाग आहे. छातीवरचा दगड उतरावा तसं, सुटलो, माझं नाव नाही आलं, असं वाटलं. पाणी प्यायलो. पाणी गोड लागलं. आणि अर्धा पेला झाल्यावर कळलं की मी काय पितोय.

तिला माहीत नाही? तिला पहिल्या मिनिटापासून माहीत आहे. 'पन्नास तोंडं आहेत' असं मी म्हणालो, तेव्हा तिने ते वाक्य ज्या हळूपणाने परत केलं, ते आता ऐकू येतंय. मेलेल्या माणसाच्या वस्तू घरच्यांना परत देतात तसं.

१३ फेब्रुवारी

आज सांगणार होतो. पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, गुडघा दुखत नव्हता. कारणच सापडेना, म्हणून शेवटी काही कारण नसताना गेलो नाही.

ही म्हणाली, "भाचेजावयाचा फोन होता. विचारत होता, मामा रागावलेत का."

"त्याच्यावर कशाला रागवू?"

"मीही तेच म्हटलं. म्हटलं, त्यांना रागवायला दुसरं माणूस मिळालंय, आरशातलं, पण त्याच्याशी ते बोलत नाहीयेत."

१७ फेब्रुवारी

सांगितलं.

त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर, मंडळाचे तिघं पडद्यावर होते. मी उभा राहिलो. रात्रभर घोकलेलं सुरू केलं, "लहानपणी आमच्या वर्गात कवितेच्या तासाला एक क्षण असा यायचा..."

थर्मामीटर हळूच म्हणाला, "कविराज, गद्यात."

त्याचे उपकार. मी गद्यात आलो. "बातमी मी फोडली. घरी, जेवताना, भाचेजावयाजवळ. प्रमुखांचा त्यात काडीचा संबंध नाही. त्यांनी मला विचारलं होतं, तेव्हा मी उडवून लावलं. मीठ आहे हे ठाऊक असूनही मी ठिपके खरे धरले, तीही चूक माझीच." एवढं बोलून खाली बसलो. खुर्ची थोडी मागे सरकली होती, पडता पडता वाचलो.

मंडळाने तिथेच ठरवलं. चिमणी राहील. मला यापुढे डेटा बघता येणार नाही. खोली ठेवतायत, खिडकी असलेलीच.

मला वाटलं, आता चिमणी माझ्याकडे बघेल. तिने समोरच्या कागदावर खूण केली आणि म्हणाली, "नोंद घेतली. पुढचा विषय, पंपाचा आवाज."

पंपाच्या आवाजावर खूप वेळ चर्चा झाली. मी शेवटपर्यंत बसलो. उठून गेलो असतो तर नाटक वाटलं असतं.

१८ फेब्रुवारी

केलं ते बरोबर केलं, मग हलकं का वाटत नाही? तिची जागा वाचली, माझं तोंड काळं झालं, हिशोब मिटला. तरी ती बघत नाही. हिला विचारलं, "एवढं सगळ्यांसमोर कबूल केलं, अजून काय करायला हवं होतं?"

ती शिवत होती, माझ्याच सदऱ्याचं बटण. दोरा दाताने तोडून म्हणाली, "बातमीची माफी मागितलीत."

"हो."

"ठिपक्यांची मागितलीत."

"हो ना!"

"आणि तिला जे बोललात त्याची?"

"काय बोललो?"

"अहो, मलाच विचारता? तुम्हीच सांगितलंत त्या दिवशी, हसत हसत. भित्री. बँकेची खिडकी. शिक्क्याच्या आवाजासकट दोनदा सांगितलंत. मी हसले नाही ते तुम्हाला दिसलं नाही."

मी म्हटलं, "ते बोलण्याच्या ओघात..."

"ओघातच तर बुडतं माणूस."

सदरा माझ्या मांडीवर टाकून ती आत गेली.

१९ फेब्रुवारी

कालपासून एकच चित्र. ती बैठक. मी उभा, ती बसलेली, हातात पेन. तिला ठाऊक होतं. त्या खोलीत तिला एकटीला ठाऊक होतं, की म्हातारा ज्याच्यासाठी एवढा नाचतोय ते तिनेच टाकलेलं मीठ आहे. एक वाक्य पुरे होतं, "सर, बसा, ते मीठ आहे." माझं हसं टळलं असतं, तिचाही अपमान टळला असता. पण ते वाक्य बोलायचं नाही असा तिने शब्द दिला होता. म्हणून तिने टोपण लावलं, काढलं, परत लावलं, आणि पन्नास माणसांत स्वतःला भित्री म्हणवून घेतलं. वर दारात थांबून मलाच वाचवायला बघितलं. माझ्यासाठी म्हणून नका सांगू. मी त्याला मत्सर म्हणालो, इथेच, चार पानं मागे.

भित्री! तिच्या जागी मी असतो तर दोन मिनिटांत सांगून मोकळा झालो असतो. मी तर भाजीचा पहिला घास गिळायच्या आत मोकळा झालो.

ही लाज निराळी आहे. परवापर्यंतची लाज लोक बघतायत म्हणून होती. ही कोणी बघत नसतानाही आहे. न्हाणीघरात, दिवा मालवल्यावर. बूट घालताना.

२५ फेब्रुवारी

आज ती वऱ्हांड्यात समोरून आली. एकटी. हीच वेळ. तोंड उघडलं आणि 'चिमणी' हा शब्द ओठांवर येऊन थिजला. त्या नावाने आता कसं हाक मारू? खरं नाव घ्यायला गेलो तर जिभेला सवयच नाही, इतक्या वर्षांत एकदाही घेतलेलं नाही. शेवटी तोंडातून आलं, "मॅडम."

ती दचकली. मागे वळून बघितलं, दुसरं कोणी आहे का.

"थंडी कमी झाली, नाही?" मी म्हटलं.

"हो, सर."

"बरं झालं."

"हो."

ती गेली. मी भिंतीवरची आग विझवण्याची सूचना पूर्ण वाचून काढली. कोण भित्रं आहे ते आता भिंतीलाही कळलं असेल.

थर्मामीटरला सांगितलं, तर म्हणतो, "मोजून सांगू? तीन शब्द लागतात. मी चुकलो, माफ कर. चार झाले. तेवढेही नाही जमत तर तुझं व्याकरण काय कामाचं?"

मी म्हटलं, "सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोरच मागायला हवी."

"हं. म्हणजे पुन्हा प्रेक्षक हवेत तुला."

हा माणूस माझा मित्र कसा झाला, कोण जाणे.

२८ फेब्रुवारी

वाक्य तयार करतोय. पहिलं फार सुंदर झालं, म्हणून फाडलं. दुसऱ्यात माझं वय आलं. तिसऱ्यात तिच्या विद्यार्थिदशेच्या आठवणी आल्या आणि शेवटी शेवटी मीच तिच्याकडून आभार मागतोय असं वाटायला लागलं. मला सुंदर लिहिता येतं याचा आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

हिला विचारलं, "तू असतीस तर काय म्हणाली असतीस?"

"मी त्या मुलीला भित्री म्हटलंच नसतं."

"पण म्हटलं असतंस तर?"

"तर जोडे घातले असते आणि गेले असते. दारात उभं राहिलं की सुचतं. नाही सुचलं तर ती बघेल ना, की म्हातारा एवढा जिना चढून आलाय आणि त्याला बोलता येत नाहीये. तेवढंही पुरतं."

२ मार्च

आज जायचं. रविवार आहे, ती घरी असेल. पत्ता थर्मामीटरकडून घेतला. तो एक शब्दही जास्त बोलला नाही, म्हणजे तोही गंभीर आहे. सदऱ्याला इस्त्री झाली. हिने दोनदा विचारलं, "निघताय ना?" मी दोनदा म्हटलं, "एवढं एक पान लिहितो."

वाक्य नाही घेतलेलं. नुसता जाणार. तिने दार उघडलं तर उभा राहणार, लोटलं तर परत येणार. समजा तिने आत बोलावलं आणि चहा विचारला, तर? चहा घेतला तर विषय राहून जाईल, ही माझी खोड मला माहीत आहे. चहाला नाही म्हणायचं, आधी तेवढं बोलून घ्यायचं. तिच्या घरी आणखी कोण आहे तेही मला ठाऊक नाही. नवरा, मुलं, कोणी आजारी? वीस वर्षांत कधी विचारलंच नाही. ती माझ्या हिची तब्येत विचारल्याशिवाय कधी फोन ठेवत नसे.

बेल वाजली. ही जाईल. रविवारी आमच्याकडे कोणी येत नाही, चुकलं असेल कोणीतरी.

चुकलेलं नाही. एका वयस्कर बाईंचा आवाज, ओळखीचा नाही. जिना चढून आल्यात, धाप लागलीय, बोलायला थांबावं लागतंय.

"माझ्या लेकीला पन्नास माणसांत भित्री म्हणाले, ते सर इथंच राहतात का?"

पेन हातात आहे आणि मी अजून लिहितोच आहे. ही काय सांगणार? नाहीत म्हणून सांग, बाहेर गेलेत म्हणून सांग.

"हो, हेच घर," ही म्हणतेय. "या, आधी बसा, पाणी घ्या. आहेत ते आतच. अहो, बाहेर या!"